लोखंडी सुरांच्या गावात

इंग्लंडला जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "लंडन पाहिलंत का?" पाहिलं बाई, दोन दिवस पाहिलं. राजवाडा, घड्याळ, नदी, सगळं जागच्या जागी आहे आणि त्यावर आजवर इतक्या जणींनी लिहिलं आहे की माझ्या लिहिण्यानं त्यात भर पडायची नाही. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीतले माझे उरलेले अठरा दिवस गेले ते बर्मिंगहॅमला, नणंदेच्या घरी. ह्यांना रजा मिळाली नाही, म्हणून मी एकटीच गेले होते. शाळा माझी अर्धवेळ, तेव्हा सुट्टी पूर्ण मिळते. अर्धवेळ नोकरीचा तेवढाच एक फायदा.

बर्मिंगहॅमला कोणी मुद्दाम सहलीला जात नाही. लोखंडाचं, कारखान्यांचं गाव. "हजार धंद्यांचं शहर" असं त्याला जुनं नाव आहे. पेनाची निबं, बटणं, खिळे, बंदुका, दागिने, मोटारी, असं काय काय तिथे बनत आलं. शहरभर कालवे आहेत. व्हेनिसपेक्षा आमच्याकडे कालवे जास्त, असं तिथली माणसं अभिमानानं सांगतात. कालव्यांचं पाणी काळपट, काठच्या विटा लाल, आणि वर ऑक्टोबरातलं ते शिशासारखं आभाळ. पहिल्या दिवशी मला वाटलं, इथे माणसं हसतात तरी कशी? पण हसतात. थट्टा करण्यात तर त्यांचा हात कोणी धरणार नाही.

ह्याच गावात 'हेवी मेटल' नावाचं संगीत जन्माला आलं. शब्दशः अर्थ जड धातू. ज्यांच्या घरात पंधरा ते पंचवीस वयाचा मुलगा आहे त्यांना मी आणखी काही सांगायला नको. बंद दारामागून येणारा तो गडगडाट, काळा सदरा, त्यावर कवटी नाहीतर वेताळ, आणि "अरे, जरा हळू लाव" असं म्हटलं की तोंडभर नाराजी! माझ्या नणंदेच्या घरातही हेच चाललं होतं. भाचा सतरा वर्षांचा. पण ताईंची काळजी आवाजाची नव्हती, वेगळीच होती.

भाऊजी २०२१ मध्ये गेले. त्या वर्षी किती घरांतून माणसं गेली, ते आपल्याला ठाऊकच आहे. तेव्हापासून पोरगं अबोल झालं. ताई रुग्णालयात नोकरी करतात, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. मुलगा शाळेतून येतो, जेवतो, खोलीत जातो. गेलं वर्षभर मात्र दर शनिवारी तो नियमानं बाजारात जुन्या रेकॉर्डींच्या एका गाळ्यावर जाऊ लागला होता. तिथे कोणी साठी उलटलेला गोरा माणूस आहे, तो ह्याला रेकॉर्डी ऐकायला देतो, पैसे घेत नाही. आता सांगा, कोणत्या आईला झोप लागेल? ताई मला म्हणाल्या, "वहिनी, मी विचारलं तर तो भांडेल. तू नवी आहेस, तुला नाही म्हणणार नाही. एकदा त्याच्याबरोबर जाऊन बघून ये."

मी शनिवारची वाट पाहू लागले. तोवर गाव बघणं चाललंच होतं.

न्यू स्ट्रीट स्थानकात उतरलं की समोर दहा मीटर उंचीचा एक यांत्रिक बैल उभा दिसतो. डोकं हलवतो, डोळे फिरवतो, पोरं खूष. २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनासाठी तो बनवला होता आणि २०२३ मध्ये लोकांची मतं मागवून त्याचं नाव ठेवलं 'ऑझी'. ऑझी ऑस्बर्न म्हणजे ह्याच गावच्या ॲस्टन भागातला गायक, ज्याच्या 'ब्लॅक सॅबथ' ह्या चौकडीपासून हे संगीत सुरू झालं असं मानतात. उद्घाटनाच्या दिवशी ह्या बैलाला साखळदंडांनी ओढत आणलं ते बायकांनी, साखळ्या घडवणाऱ्या कामगारणींच्या वेषात. भाच्यानं हे सहज सांगितलं, पण मी ते धरून बसले आणि दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन डडलीचं संग्रहालय गाठलं.

मैत्रिणींनो, ही हकीकत आपण ऐकायलाच हवी. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला क्रॅडली हीथ नावाचं गाव आहे. तिथल्या बायका घरामागच्या परसात भट्टी पेटवून, हातोड्यानं ठोकून, बारीक साखळ्या घडवत. पोरं तिथेच पायाशी घोटाळत असत. मजुरी इतकी थोडी की भाकरीला पुरेना. सरकारनं किमान मजुरी ठरवली, तर मालक ती द्यायला तयार होईनात. तेव्हा १९१० साली मेरी मॅकार्थर ह्या बाईच्या पुढाकारानं त्या बायकांनी संप केला. दहा आठवडे टिकवला आणि जिंकला. मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. संपासाठी जमलेल्या वर्गणीतून उरलेले पैसे त्यांनी वाटून न घेता कामगारांसाठी एक सभागृह बांधलं. ते सभागृह आता विटेविटेनं उचलून डडलीच्या संग्रहालयात आणून उभं केलं आहे. तिथे साखळी घडवण्याची भट्टीही आहे. तापलेल्या सळईवर हातोडा पडतो तेव्हा कान झणझणतात आणि त्या ठोक्याला एक ठेका असतो. भाचा माझ्याकडे बघून म्हणाला, "मामी, हा आवाज ओळखीचा वाटतो की नाही?" चार दिवसांत त्यानं आपणहून उच्चारलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

त्याच्याकडून मग एकेक कळत गेलं. ब्लॅक सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. गाण्यासाठी नोकरी सोडायची ठरली होती, शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, आता परत जात नाही. आईनं सांगितलं, हाती घेतलेलं काम पुरं करून ये. (कोणती आई दुसरं काही सांगेल?) गेला, तर त्या दिवशी पत्रा कापायच्या यंत्रावरची बाई आली नव्हती, म्हणून ह्याला तिच्या जागी बसवलं. यंत्र खाली आलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात हाच. डॉक्टर म्हणाले, विसरा आता.

पुढची गोष्ट मला फार आवडली. कारखान्याचा व्यवस्थापक त्याला भेटायला घरी आला आणि येताना एक रेकॉर्ड घेऊन आला. मुलगा ऐकायलाच तयार नाही. संगीताचं नावही नको म्हणाला. तरी त्यानं आग्रहानं ती लावायला लावली आणि ऐकून झाल्यावर सांगितलं, हा वाजवणारा जँगो राइनहार्ट. आगीत भाजून ह्याच्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती आणि हे सगळं तो उरलेल्या दोन बोटांवर वाजवतो. झालं! आयोमीनं भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या केल्या, जुन्या जाकिटाचं चामडं कापून त्यावर चिकटवलं आणि त्या बोटांत घालून वाजवायला सुरुवात केली. तारा बोचू नयेत म्हणून बारीक तारा बसवल्या, पुढे त्या ढिल्या केल्या. ढिल्या तारेचा सूर खाली उतरतो, जड होतो. त्या संगीताचा तो घुमणारा, जमिनीखालून आल्यासारखा आवाज बराचसा ह्यातून आला. शिवणाच्या अंगुस्तानासारख्या त्या दोन टोप्या आणि एका माणसानं आग्रहानं ऐकवलेली एक तबकडी, एवढ्यावर हे सगळं उभं राहिलं!

शनिवारी निघालो. वाटेत भाच्यानं ब्रॉड स्ट्रीटवरचा कालव्याचा पूल दाखवला. २०१९ पासून त्याचं नावच 'ब्लॅक सॅबथ ब्रिज' आहे. ५ जुलै २०२५ ला व्हिला पार्क मैदानात त्या चौघांचा शेवटचा कार्यक्रम झाला. चौघे २००५ नंतर पहिल्यांदाच एकत्र आले होते. ऑझीला कंपवाताचा आजार, उभं राहवेना, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून गायला. उत्पन्न कंपवाताच्या संशोधनासाठी, मुलांच्या रुग्णालयासाठी आणि मरणपंथाला लागलेल्या मुलांच्या शुश्रूषागृहासाठी दिलं. लहानपणी ह्याच मैदानाबाहेर, फुटबॉलच्या सामन्याला येणाऱ्यांच्या मोटारी राखून तो चार पैसे मिळवायचा. पुढे खाटीकखान्यात राबला, मोटारींचे भोंगे जुळवायच्या कामावर होता. कार्यक्रमानंतर सतराच दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला. ३० जुलैला ह्याच रस्त्यावरून अंत्ययात्रा निघाली, पुढे पितळी वाद्यांचा ताफा त्याचीच गाणी वाजवत होता, आणि त्याचं कुटुंब ह्या पुलावर थांबलं. भाचा त्या गर्दीत होता. ताई सोबत होत्या का, असं मी विचारलं. म्हणाला, "आई ड्यूटीवर होती. मीच सांगितलं नव्हतं." मग थोडं पुढे गेल्यावर, "बाबांच्या वेळी कोणाला येऊच दिलं नव्हतं ना." मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं?

गाळा लहानसा. आपल्याकडे जुन्या पुस्तकांची दुकानं असतात तसा, जमिनीपासून छतापर्यंत तबकड्या. वास मात्र पुठ्ठ्याचा आणि कॉफीचा. म्हातारेबुवा काउंटरमागे, पांढरी वेणी, दोन्ही कानांत श्रवणयंत्रं. लाँगब्रिजच्या मोटार कारखान्यात ते होते. तो २००५ च्या एप्रिलमध्ये बसला तेव्हा सहा हजारांच्या आसपास माणसं एकदम बेकार झाली, त्यांतलेच एक. बायको गेलेली. मला खुर्ची दिली आणि आधी विचारलं, "तुम्ही आई का?" मामी म्हटल्यावर चेहऱ्यावर थोडी निराशा दिसली. म्हणाले, "आईंना एकदा आणा. माझी मुलगी एवढी असताना कोण्या म्हाताऱ्याकडे दर शनिवारी जाती, तर मी दुसऱ्याच शनिवारी येऊन उभा राहिलो असतो." मला माणूस तिथेच बरा वाटला. पण बरा वाटणं पुरत नाही, म्हणून मी तीन तास बसले. दार सताड उघडं, येणारीजाणारी माणसं सतत, आणि भाच्याशिवायही शनिवारचे सहासात जण ठरलेले. एक शीख बसड्रायव्हर, एक परिचारिका, एक कॉलेजातली मुलगी, दोघे नुसते जाडजूड आणि लाजरे.

त्यांचं काय चालतं सांगते. आपल्या भिशीसारखंच. प्रत्येकानं येताना एक आल्बम आणायचा, ह्या आठवड्यात जो मनापासून ऐकला तो. का ऐकला ते दोन वाक्यांत सांगायचं. मग तो दुसऱ्या कोणाला तरी द्यायचा, पण कोणालाही नाही. ज्याला तो लागू पडेल असं वाटतं त्यालाच. नेणाऱ्यानं पुढच्या शनिवारी परत आणायचा आणि मत द्यायचं. "बरा होता" चालत नाही. कुठे आवडला, कुठे कंटाळा आला, कोणत्या गाण्यावर परत मागे गेलास, सगळं सांगावं लागतं. माझ्या आठवीच्या वर्गात पुस्तकांवर अशी चर्चा झाली तर मी पेढे वाटीन.

शब्दही ठरलेले आहेत. अमकं 'जड', तमकं 'वेगवान', हे 'संथ पण दळणारं'. नवख्याला एकदम 'नेपाम डेथ' द्यायचं नाही. ही त्याच भागातली मंडळी, 'स्कम' हा त्यांचा १९८७ चा आल्बम. त्यात एक गाणं सव्वा सेकंदाच्या आसपासचं आहे, जगातलं सर्वांत छोटं म्हणून गिनेसच्या पुस्तकात नोंद आहे. मला ऐकवलं. शिंक आल्यासारखं झालं, संपलं! सगळे हसले, मीही हसले. नवख्यानं आधी ब्लॅक सॅबथचा १९७० चा 'पॅरानॉइड' घ्यावा, मग ज्यूडस प्रीस्टचा १९८० चा 'ब्रिटिश स्टील'. हा दुसरा मी आपल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगते, कारण त्यात यंत्रमानवांच्या पावलांचा आवाज हवा होता तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातला काट्या-चमच्यांचा ट्रे खळखळवला, आणि काच फुटल्याचा आवाज हवा तेव्हा दुधाच्या बाटल्या फोडल्या. आमच्या घरी हा आवाज रोज फुकट येतो. कॉलेजातल्या मुलीनं मला 'बोल्ट थ्रोअर'ची तबकडी दाखवली, शेजारच्या कॉव्हेन्ट्रीची मंडळी. त्यात बास गिटार वाजवायला जो बेंच नावाची बाई, १९८७ पासून शेवटपर्यंत. "ती नुसती उभी राहून वाजवायची, नटणं-मुरडणं काही नाही," ही त्या मुलीची शिफारस.

मग बुवांनी मला विचारलं, "तुम्ही काय ऐकता?" म्हटलं, किशोरी आमोणकर, कुमार गंधर्व, आणि कामं करताना नाट्यगीतं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि ब्लॅक सॅबथचंच पहिलं गाणं लावलं, १९७० च्या फेब्रुवारीतलं, चौकडीच्याच नावाचं. पाऊस, घंटा, आणि मग तीनच सूर. मी ते गुणगुणून पाहिले. सा, वरचा सा, आणि मधला तीव्र मध्यम. युरोपातल्या जुन्या पंडितांनी षड्ज आणि तीव्र मध्यम ह्या जोडीला 'संगीतातला सैतान' असं नाव ठेवलं होतं म्हणे! मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे हाच तीव्र मध्यम यमनात लागतो, दिवेलागणीला. फरक एवढाच, की आपण त्याच्याकडे पायरीपायरीनं चढतो आणि ह्यांनी वरून एकदम उडी टाकली आहे. उडी टाकली की भीती वाटणारच. बुवांनी वेणी मागे टाकून ते दोनदा ऐकलं, मी गायलेला यमनाचा आरोह एकदा, त्यांचं ते एकदा. परिचारिकेनं टाळ्या वाजवल्या. परगावी माणूस जरा धीट होतं खरं.

मग त्यांनी ह्या तीन सुरांचं मूळ सांगितलं. बासवाला गीझर बटलर ह्याला होल्स्ट ह्या इंग्रज संगीतकाराची 'प्लॅनेट्स' ही वाद्यवृंदाची रचना फार आवडायची, त्यातला 'मंगळ' विशेष. तो बासवर ते वाजवत बसला होता, ते ऐकून आयोमीला हे सुचलं. होल्स्टचं नाव मी भाच्याकडून लिहून घेतलं आणि घरी येऊन शोधलं. तो कोण निघावा? लंडनच्या एका मुलींच्या शाळेत संगीताचा मास्तर! आठवडाभर शिकवायचा आणि शनिवार-रविवारी रचना करायचा. संस्कृत शिकला होता, ऋग्वेदातल्या सूक्तांना त्यानं चाली लावल्या, आणि 'सावित्री' नावाची संगीतिका लिहिली. आपलीच सावित्री, वडाची, यमाशी वाद घालणारी. १९१६ साली लंडनला तिचा प्रयोग झाला. वटपौर्णिमेची सावित्री आणि हा काळ्या सदऱ्यांचा गडगडाट एकाच माणसापर्यंत जाऊन पोचतात, हे मी ताईंना सांगितलं तेव्हा त्या कणीक मळायच्या थांबल्या.

फोनवर सगळं मिळत असताना ही देवघेव कशाला, हे मी विचारलंच. बुवा म्हणाले, मिळतं सगळं, पण देतं कोण? मग जुन्या दिवसांवर आले. १९७० च्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये नील के नावाचा माणूस एका सभागृहात फक्त ह्या संगीताच्या रात्री चालवायचा. तिथे जमणाऱ्यांनी जी गाणी मागितली त्यांची यादी 'साउंड्स' साप्ताहिकात छापून यायची, आणि त्या यादीतून दूरदूरच्या पोरांना कळायचं काय ऐकायचं ते. पुढे कॅसेटींचं युग आलं. पोरं एकमेकांना टपालानं कॅसेटी पाठवायची, नव्वद मिनिटांच्या, एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. 'मेटॅलिका' हे आज जगभर गाजलेलं नाव, पण १९८२ साली त्यांची नुसती नमुन्याची कॅसेट अशीच हातोहात फिरत न्यू जर्सीच्या जुन्या बाजारातल्या एका ठेल्यावर पोचली. ठेला चालवणारे नवराबायको, जॉन आणि मार्शा झझुला. त्यांनी कॅसेट ऐकली, मुलांना कॅलिफोर्नियाहून बोलावून घेतलं आणि १९८३ साली पदरचं घालून त्यांची पहिली रेकॉर्ड काढली. बाजारातला ठेला, घरातलं बाळ, आणि त्यात हा उद्योग. मार्शाबाईंचं डोकं थंड असलं पाहिजे.

कॅसेटींचा विषय निघाल्यावर भाचा गप्प झाला. बुवांनी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं मान हलवली, आणि काउंटरखालून एक बुटांचा खोका वर आला. खोक्यात कॅसेटी. एकोणीस. भाऊजींच्या.

भाऊजी १९९० च्या दशकात मुंबईत कॉलेजात होते. धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा कार्यक्रम १९८६ पासून दर वर्षी व्हायचा, तिथे ते डोंबिवलीहून लोकलनं जात, हे मला लग्नानंतर ऐकून माहीत होतं. लग्न, नोकरी, परदेश ह्यांत तो नाद मागे पडला असं सगळ्यांनी धरलं होतं. खोका मात्र त्यांनी बर्मिंगहॅमपर्यंत आणला होता. भाच्याला तो माळ्यावर सापडला. कॅसेटी जुन्या, काहींची फीत चिकटलेली, काहींची तुटलेली. शनिवारचं खरं काम ते होतं. म्हातारेबुवा एकेक कॅसेट उघडून दुरुस्त करत होते आणि मुलाला शिकवत होते. फितीमागे फेल्टचा एक इवला चौकोन असतो, तो झिजला की आवाज मंद होतो, तो बदलायचा. तुटलेली फीत साध्या चिकटपट्टीनं जोडायची नाही, तिचा डिंक पाझरतो, त्यासाठी वेगळी पट्टी असते. एकोणीसपैकी तेरा झाल्या होत्या.

डब्यांतल्या कागदांवर बारीक अक्षरात गाण्यांची यादी होती, ती इंग्रजीत. पण कडेला काहीतरी मराठीत लिहिलेलं होतं. भाचा मराठी बोलतो, वाचता येत नाही. बुवांना तर नाहीच. "आईला का नाही विचारलंस?" म्हटलं. "अक्षर पाहिलं की ती रडते," तो म्हणाला, "आणि मग कामावर जाते."

मी चष्मा लावला आणि वाचलं. वर्गात वाचते तसं, मोठ्यानं, कारण हळू वाचलं असतं तर मला जमलं नसतं. 'दुसरी बाजू आधी ऐकणे.' 'ड्रम्स!! तिसरं गाणं.' 'रात्री नको, आई उठते.' 'परत करणे, सोमवारपर्यंत.' 'ही कोणालाही देऊ नये.' एका आयर्न मेडनच्या कॅसेटवर नुसतं, 'पावसात ऐकली. लोकल बंद.' आणि एकीवर, 'हिला आवडणार नाही. तरी एकदा ऐकवायची.'

ती 'हिला' कोण, हे मला नक्की सांगता येणार नाही. कागदावर तारीख नव्हती. भाच्यानं मला सगळं दोनदा वाचायला लावलं आणि इंग्रजीत वहीत उतरवून घेतलं. 'सोमवारपर्यंत' वाल्या कॅसेटवर सगळे खूप हसले, कारण ती पंचवीस-तीस वर्षांत परत गेलेली दिसत नव्हती. बसड्रायव्हर म्हणाला, हा माणूस आपल्यातलाच होता.

निघताना बुवांनी शिफारस म्हणून मला ब्लॅक सॅबथचा 'मास्टर ऑफ रिॲलिटी' दिला, १९७१ चा. त्यात 'ऑर्किड' नावाचा दीड मिनिटाचा तुकडा आहे, नुसती साधी गिटार, अतिशय हळुवार, त्याच कापलेल्या बोटांनी वाजवलेली. तिथून सुरू करा, म्हणाले. मी त्यांना किशोरीताईंचा भूप लिहून दिला, 'सहेला रे' ची रेकॉर्ड. पुढच्या शनिवारी मत मिळालं, की सुरुवातीला ते झोपले, मग जागे झाले आणि परत पहिल्यापासून ऐकली. प्रामाणिक मत.

त्या पुढच्या शनिवारी ताई आल्या होत्या. पाळी बदलून घेतली. दोघांनी, म्हणजे ताई आणि बुवा, आधी पंधरा मिनिटं श्रवणयंत्रं आणि रक्तदाबाच्या गोळ्या ह्यांवर चर्चा केली. मग 'हिला आवडणार नाही' ती कॅसेट लावली. ताईंनी एक बाजू पूर्ण ऐकली. भाच्यानं विचारलं, "आवडली?" म्हणाल्या, "नाही." आणि दुसरी बाजू लावायला सांगितली.

जाणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. शहराच्या कलासंग्रहालयात ऑझीचं प्रदर्शन मी पाहिलं, त्याला तिकीट नव्हतं. न्यू स्ट्रीट स्थानकापासून पायी थोड्या अंतरावर, नॅव्हिगेशन स्ट्रीटवर, चौघांचं मोठं भित्तिचित्र आहे. स्पार्कब्रूक, स्पार्कहिल भागात पाकिस्तानी मंडळींची 'बाल्टी' मिळते, पोलादी कढईतच शिजवतात आणि तीच पुढ्यात ठेवतात. दोघींत एक पुरते. आणि घरात असा श्रोता असेल तर त्याला कानात घालायचे बोळे घेऊन द्या. कापूस नव्हे, औषधांच्या दुकानात मिळतात ते फोमचे. हा सल्ला बुवांचा आहे. कारखाना आणि संगीत दोघांनी मिळून त्यांचे कान नेले. आणखी एक. पोरं बिनबाह्यांच्या जाकिटावर आवडत्या चौकड्यांची कापडी पदकं शिवतात, ती धावदोऱ्यानं टिकत नाहीत. मी भाच्याला तुरपाई शिकवली. आता तो शनिवारी सगळ्यांची शिवून देतो.

परत आल्यावर एक काम माझ्याकडे लागलं. भाच्याला वाटत होतं, डोंबिवलीच्या घरी आणखी कॅसेटी असणार. मी जानेवारीत जाऊन त्याच्या आजीला भेटले. माळ्यावर, पितळी भांड्यांच्या मागे, अकरा निघाल्या. तिघींवर पांढरी बुरशी. फोनवर सूचना आल्या: वाजवून बघायच्या नाहीत, उन्हात ठेवायच्या नाहीत, बुरशीच्या वेगळ्या पिशवीत, बाकीच्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या घालायच्या, आणि पेन्सिल घालून हातानं एकदा सावकाश इकडून तिकडे गुंडाळायच्या. आजीनं आठ कॅसेटी गुंडाळल्या, एका दुपारी, माझ्याशी गप्पा मारत. एकीच्या कागदावर 'रात्री नको, आई उठते' पुन्हा लिहिलेलं होतं. त्यांनी ते वाचलं, म्हणाल्या, "उठायचेच मी," आणि पेन्सिल पुढच्या कॅसेटीत घातली.

पार्सल फेब्रुवारीत पोचलं. सहा लागल्या आहेत, दोन बाकी आहेत, बुरशीच्या तीन अजून उघडलेल्या नाहीत.